घमेलंभर पाणी आणि पंधरा मुलं: कोल्हापुरातल्या माझ्या बालवाडीचं पहिलं वर्ष

एप्रिल 2025 च्या दुसऱ्या आठवड्यात माझ्या बालवाडीचं पहिलं वर्ष संपलं. अडीच ते साडेचार वर्षांची पंधरा मुलं, साने गुरुजी वसाहतीच्या बाजूला तळमजल्यावरच्या दोन खोल्या, पुढं थोडं अंगण, मी आणि एक मावशी, एवढाच पसारा. सुरू करायच्या आधी माझ्यापुढं दोन प्रश्न होते. कागदपत्रं कोणकोणती लागतात? आणि मुलं सकाळी नऊला आली की साडेअकरापर्यंत त्यांच्यासोबत रोज नेमकं काय करायचं? पहिल्याची उत्तरं इकडून तिकडून जमली. दुसरा प्रश्न विचारला की छापील वर्कशीट आणि तयार किटच्या जाहिराती पुढं यायच्या. तुमच्यापैकी कुणी या वाटेला निघालं असेल तर उपयोगी पडावं म्हणून वही समोर ठेवून, तारखा आणि पैशांसकट लिहितेय.

आधी मी एका मोठ्या शाळेच्या नर्सरीत मदतनीस शिक्षिका होते. बालशिक्षणाची एक वर्षाची पदविका त्याच काळात केली. जानेवारी 2024 मध्ये ठरवलं की येत्या जूनला आपली बालवाडी सुरू करायची.

जागा शोधण्यात फेब्रुवारी गेला. राजारामपुरी आणि ताराबाई पार्कातली भाडी माझ्या आवाक्याबाहेरची होती. मी बघत होते ते एवढंच: तळमजला, आत संडास, दिवसभर पाणी, दारातून थेट वाहत्या रस्त्यावर पाय पडणार नाही अशी रचना, आणि जवळ उघडी टाकी किंवा हौद नको. जागा पसंत पडली तरी घरमालक काका आठवडाभर अडून होते. त्यांची शंका रास्त होती. राहत्या घरात असा वर्ग चालू केला की घरफाळा आणि वीजबिल घरगुती दरानं राहतं की बदलतं, हे त्यांना आधी माहीत करून घ्यायचं होतं. शेवटी वाढेल तो फरक मी देईन असं करारातच लिहिलं आणि प्रश्न मिटला. तुम्हीही हे तोंडी ठेवू नका. भाडं महिना 6,500, अनामत 40,000. करार ऑनलाइन नोंदवला. नोंदणी फी 1,000, त्यावर मुद्रांक शुल्क आणि एजंटचे पैसे धरून साधारण साडेतीन हजारांत काम झालं. 18 मार्चला किल्ल्या हातात आल्या.

मग मान्यतेचा शोध. शिक्षण विभागाच्या कार्यालयात गेले तर तिथल्या लिपिकांनी शांतपणे समजावलं, "मॅडम, पहिलीपासून पुढं आमच्याकडं. खासगी बालवाडीला सध्या वेगळी मान्यता असा प्रकार नाही." ऐकून हायसं वाटलं आणि काळजीही वाटली, कारण मान्यता नाही म्हणजे कुणी तपासायला येणार नाही आणि सगळी जबाबदारी आपलीच. दुकान व आस्थापना कायद्याखाली दहापेक्षा कमी माणसं कामाला असतील तर फक्त ऑनलाइन सूचना द्यायची असते. सरकारी शुल्क 23 रुपये 60 पैसे. बाहेर यासाठी पाचशे मागतात. आधार, भाडेकरार, वीजबिल आणि जागेचा फोटो जवळ असेल तर घरी बसून होतं.

चारित्र्य पडताळणीचा दाखला मी स्वतःसाठी आणि मावशींसाठी, दोघींचाही काढला. अर्ज राज्य पोलिसांच्या संकेतस्थळावर 22 एप्रिलला भरला, शुल्क शंभर-सव्वाशेच्या आसपास. 7 मे रोजी कोल्हापुरात लोकसभेचं मतदान होतं, सगळं पोलीस दल बंदोबस्तात, त्यामुळं ठाण्यातून फोन यायला मेचा तिसरा आठवडा उजाडला. मूळ कागद घेऊन बोलावलं, पत्ता विचारून घेतला आणि पुढच्या आठवड्यात दाखला डाउनलोडला आला. मावशींच्या आधारवर माहेरचं नाव होतं, ते बदलायला वेगळे दिवस गेले. कामाला येणाऱ्या प्रत्येकाचं आधार आधी बघून घ्या, म्हणजे अर्ज मध्येच अडकत नाही.

प्रवेशाचा फॉर्म मात्र मी मन लावून केला. जन्मदाखला, लसीकरणाचं कार्ड, रक्तगट, कशाची ॲलर्जी, न्यायला कोण येणार त्यांचे फोटो, हे सगळेच घेतात. त्याखाली मी काही प्रश्न घातले: घरात कोणत्या भाषेत बोलता? शू-शी आली की मूल कसं सांगतं? कशाला घाबरतं? रडलं की घरात कुणाजवळ जातं? या उत्तरांनी मला वर्षभर साथ दिली. एका मुलीच्या घरी कानडी बोलतात, एकाच्या घरी मारवाडी. "नीरू" म्हणजे पाणी हे मला फॉर्ममुळं आधीच माहीत होतं, म्हणून पहिल्या दिवशी ती मुलगी तहानलेली राहिली नाही. वयाचा नियम पालकांना लेखी द्या: नर्सरीसाठी 31 डिसेंबरला 3 वर्षं पूर्ण हवीत, पहिलीसाठी 6. पुढं मोठ्या शाळेत प्रवेश घेताना याच तारखेवर गाडं अडतं.

मे महिना सामान जमवण्यात गेला. बालशिक्षणात आयुष्य घातलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला बालवाडी चालवायला घेतली आणि पुढं कोसबाडला नेली. परदेशी महागडी साधनं परवडणारी नव्हती, तेव्हा त्यांनी शंख-शिंपले, बिया, पानं, माती यांतून साधनं उभी केली. हे पदविकेत शिकले होते, त्यामुळं यादी करताना धीर होता. लक्ष्मीपुरीतून दोन प्लास्टिकची घमेली, स्टीलचे छोटे पेले, गाळण्या, चमचे, चिमटे, झाकणाचे डबे, सगळं मिळून 2,300 रुपये. सुताराकडून मुलांच्या कमरेइतक्या उंचीचं उघडं कपाट, 3,800. दोन सतरंज्या. ओळखीच्या छापखान्यातून कागदाची कात्रणं पोतंभर, फुकट. शिंप्याकडून कापडाचे तुकडे. प्रथमोपचार पेटी आणि अग्निशामक सिलिंडर, जो दरवर्षी तपासून घ्यावा लागतो. एकूण खर्च 22,000 च्या आत बसला.

सामान घेताना दोन गोष्टी पाळा. एक, प्रत्येक वस्तू किमान दोन नगांची घ्या. अडीच-तीन वर्षांची मुलं एकमेकांशेजारी बसून खेळतात, एकमेकांबरोबर वाटून खेळणं नंतर येतं. लाल पेला एकच असेल तर सकाळ त्या पेल्यावरच्या भांडणात जाते. दोन, साधारण सव्वातीन सेंटीमीटर रुंदीच्या नळीतून आरपार जाईल अशी कोणतीही वस्तू तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती एकट्यानं द्यायची नाही. चिंचोके, मणी, वाटाणे नाका-कानात जातात, घशात अडकतात. ती कामं माझ्याकडं मोठ्या गटालाच, आणि मी शेजारी बसलेली असतानाच.

17 जूनला बकरी ईदची सुट्टी होती, म्हणून 18 जून 2024, मंगळवारी वर्ग सुरू झाला. त्या दिवशी पटावर नऊ मुलं होती. मी ती एकदम बोलावली नव्हती. तीन-तीनचे गट केले, आणि पहिल्या आठवड्यात प्रत्येक मुलासोबत घरचं एक माणूस आत बसेल असं सांगितलं. काही आयांना ते पटलं नाही. "मॅडम, मी दिसलो की जास्तच रडतंय. हातातून घ्या आणि दार लावा, हळूहळू गप्प बसतंय," एक आई म्हणाली. मी म्हटलं, "ताई, चार दिवस बसून बघा की. तुम्ही फक्त बसा, त्याच्याशी खेळू नका." आई कोपऱ्यात भाजी निवडत बसली. मूल तिच्याजवळून उठायचं, घमेल्यापर्यंत जायचं, हात बुडवायचं, परत येऊन तिच्या गुडघ्याला हात लावायचं. हे अंतर दिवसागणिक वाढत गेलं. दारातून न सांगता निघून जायचं नाही, "जातो, साडेअकराला येतो" असं तोंडावर सांगून जायचं, एवढी एक अट मी सगळ्यांना घातली. मुलं त्यानंतरही रडली, पण दाराकडं बघत राहायची थांबली.

केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयानं 2024 मध्ये 3 ते 6 वयासाठी 'आधारशिला' नावाचा अभ्यासक्रम काढला आहे, आणि 3 वर्षांखालच्यांसाठी 'नवचेतना'. आधारशिलेत 48 आठवड्यांची आखणी आहे आणि त्यातले पहिले 4 आठवडे निव्वळ रुळण्यासाठी ठेवलेत. पालकांनी "अजून काही शिकवायला घेतलं नाही?" असं विचारलं की मी ते पान दाखवायचे. छापील कागदावर दिसलं की घरात आजोबांनाही सांगता येतं.

रुळायच्या दिवसांत सगळ्यात जास्त हात दिला तो पाण्यानं. अंगणात घमेलं, त्यात चार बोटं पाणी, पेले, गाळणी, स्पंजाचे तुकडे. जे मूल कुणाच्या मांडीवर जात नव्हतं, ते पाण्यापाशी थांबायचं. आज्यांना सर्दीची भीती, म्हणून पाणी कोमट ठेवलं आणि प्रत्येकाचे जादा कपडे पिशवीत नावानिशी. पाणी कितीही कमी असलं तरी मोठं माणूस घमेल्याजवळून हलायचं नाही, हा आमच्या दोघींचा नियम आहे.

जुलैपर्यंत दिवसाचा क्रम बसला. आल्यावर चप्पल खुणेच्या जागी ठेवायची. अक्षर वाचता येत नाही, म्हणून प्रत्येकाला चित्र दिलंय: छत्री, मासा, मोर, बैलगाडी. मग माझ्यासमोर टोपलीत आपला एक सागरगोटा टाकायचा, ती हजेरी. तासभर मोकळा खेळ. मग गोलात बसून गप्पा आणि टोपलीतले सागरगोटे मोजणं: कोण आलं, कोण नाही. त्यानंतर छोट्या गटात एखादं काम, खाऊ, अंगण, शेवटी गोष्ट. क्रम रोज तोच. घड्याळ कळत नसलेल्या मुलाला "खाऊनंतर अंगण, गोष्ट झाली की आई" हे कळतं. क्रम मोडला की रडणं परत येतं, त्यामुळं वाढदिवसाचा केकसुद्धा आम्ही खाऊच्याच वेळेला कापतो.

आता कामांबद्दल सविस्तर लिहिते, कारण मला स्वतःला हेच कुठं वाचायला मिळत नव्हतं.

ओतणं घ्या. एका ताटात दोन पेले, एकात ज्वारी. या पेल्यातून त्या पेल्यात. मी गप्प राहून एकदा सावकाश करून दाखवते, मग ताट मुलापुढं सरकवते. सांडलं तर वेचायला छोटी वाटी शेजारीच. ज्वारी जमली की पाणी, पाणी जमलं की तोटीचं भांडं. यात मनगट वळतं, डोळा आणि हात एकत्र काम करतात, कुठं थांबायचं हे पेल्याच्या कडेवरून मुलाचं त्यालाच कळतं. मला "बरोबर, चूक" असं काही म्हणावं लागत नाही. एक तीन वर्षांचा मुलगा, जो एका जागी बसत नाही म्हणून घरचे काळजीत होते, तो पाणी ओतायला बसला की वीस-पंचवीस मिनिटं उठायचा नाही. मी त्याची बसण्याची वेळ वहीत टिपून ठेवली आणि महिनाअखेरीस त्याच्या वडिलांना दाखवली. ते काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी घरून एक जुनी तोटीची किटली घेऊन आले.

कागद फाडणं हे दुसरं. कात्रणाची पोती ओतली आणि म्हटलं, फाडा. अडीच वर्षांच्या मुलाला दोन हातांनी दोन दिशांना ओढणं आधी जमत नाही. मग लांब पट्ट्या, मग तुकडे, मग ते तुकडे चिकटवणं. चिकटवायला मी मैद्याची खळ घरी शिजवते. बाजारात कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालतात, ते विषारी असतं, मुलांच्या खळीत अजिबात नको. दोन दिवसांपुरती करायची, उरली की टाकायची. हस्तकला म्हणून सुंदर काही घरी जात नाही. वेडावाकडा थर असतो. तो घरी पाठवताना मागं एक ओळ लिहिते: "आज तिनं पहिल्यांदा सरळ पट्टी फाडली." मग तो कागद घरी कपाटावर लागतो.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात बेंदूर, म्हणजे आमच्याकडचा बैलांचा सण, आला. बापट कॅम्पातल्या कुंभाराकडून मळलेली माती आणली, घमेलंभर 200 रुपयांना. ओल्या पोत्याखाली ठेवली तर आठ-दहा दिवस मऊ राहते. कुणाचाच बैल बैलासारखा झाला नाही आणि मी एकाच्याही मातीला हात लावून तो नीट केला नाही. मुलं थापत होती, टोचत होती, लांब वळ्या करत होती. एकानं चार गोळे ओळीत ठेवले. "हा बैल, ही बी बैल, हे वासरू. आणि हा आमचा आज्जा." पालकांना सांगून ठेवा की घरी "हा कसला बैल?" असं विचारू नका, "याचं सांग बघू" म्हणा.

त्याच महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावरची 43 फुटांची धोक्याची पातळी ओलांडली आणि शाळांना सुट्टी मिळाली. आमच्या जागेत पाणी आलं नाही. एका मुलाच्या घरी नदीकाठच्या चिखली गावचे पाहुणे म्हशींसकट राहायला आले होते. वर्ग परत भरला तेव्हा तो घमेल्यातल्या पाण्यात चमचे बुडवून म्हणत होता, "घर गेलं. म्हस वर काढा." शेजारची दोघं तिघं मदतीला धावली. मी तो खेळ थांबवला नाही. ऑगस्टमध्ये पुन्हा असंच गावातलं संकट खेळात आलं. 8 तारखेच्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. सगळं कोल्हापूर हळहळलं, घराघरांत टीव्हीवर तेच. सकाळी मुलं आली ती बंब होऊनच. अंगणातली नळी, डब्यांचे आवाज, "पाणी मारा, पाणी मारा". एक मुलगी घाबरून माझ्या पदराला धरून होती. गोलात तिला विचारलं तर म्हणाली, "बाई, आमचं घर पण जळतंय काय?" मग आम्ही सगळे मिळून लाल सिलिंडर बघायला गेलो, तो कशासाठी असतो हे सांगितलं, दार उघडून बाहेर कसं जायचं ते रांगेत चालून बघितलं. तेव्हापासून महिन्यातून एकदा आम्ही असं बाहेर पडून बघतो.

ऑगस्टच्या उत्तरार्धात बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाल्याची बातमी आली आणि पालकांच्या बोलण्यातला सूरच बदलला. माझाही. एका संध्याकाळी सगळ्यांना बोलावलं. दोघींचे पोलीस दाखले पुढं ठेवले, मुलांना संडासला कोण नेतं, कपडे कोण बदलतं, दार कसं उघडं राहतं, हे एकेक सांगितलं. वर्गाच्या वेळात कोणताही बाहेरचा पुरुष, अगदी नळ दुरुस्तीवाला असला तरी, आत येणार नाही असं ठरवलं. शासनानं शाळांना सीसीटीव्ही बंधनकारक करणारे आदेश काढले होते. मी दोन कॅमेरे बसवले, 9,500 रुपयांना, एक वर्गात आणि एक दारावर. ज्या रिक्षातून चार मुलं येतात त्या मामांनीही आपला दाखला काढून आणला. मुलांना तुमच्या-आमच्या अंगाबद्दल, नको म्हणण्याबद्दल कसं सांगायचं हे आम्ही रोजच्या हात धुण्या-पुसण्यातूनच सांगतो: "मी तुझी चड्डी बदलू का?" असं विचारून, तिनं मान हलवल्यावरच.

गणपती, दसरा पटकन गेले. या दिवसांत मोजणं आपसूक आलं. खाऊच्या वेळी ताटल्या मांडायचं काम रोज दोघांकडं असतं. प्रत्येकापुढं एक. एक ताटली उरली की "कोण आलं नाही?", कमी पडली की "आणखी किती?". आकडे लिहिणं यात कुठंच नाही, तरी ऑक्टोबरमध्ये चार वर्षांची मुलं सात-आठपर्यंत वस्तू बोट ठेवून बरोबर मोजत होती. दिवाळीच्या आधी अंगणात किल्ला केला. दगड, माती, पोती, वर पेरलेली मोहरी. ती रोज किती उगवली हे बघायला मुलं चप्पल ठेवायच्या आधी किल्ल्यापाशी जायची.

गोष्टीबद्दल एक सांगायचं राहिलं. गोष्ट रोज नवी लागते असं नाही. एकच गोष्ट आठवडाभर सांगा. सोमवारी मुलं ऐकतात, बुधवारी मधले आवाज काढतात, शुक्रवारी तुमच्याआधी पुढचं वाक्य म्हणतात. मी गोष्ट घरच्या बोलीत सांगते. "कोल्हं आलं, काय करतंय बघा" म्हटलं की ज्या मुलाच्या घरात असंच बोलतात ते मूल तोंड उघडतं. शुद्ध-अशुद्ध मी मध्ये आणत नाही. कानडी बोलणारी मुलगी दोन महिने फक्त ऐकत होती. सप्टेंबरात एक दिवस दारातून आत येत म्हणाली, "बाई, मी आलो." वर्गातल्या बाकीच्या मुली म्हणतात तसंच.

नोव्हेंबरमध्ये पटावर पंधरा मुलं झाली आणि ज्या बैठकीची मला धाकधूक होती ती आली. शेजारच्या गल्लीतली याच वयाची मुलं एबीसीडी लिहीत होती, आणि आमच्या मुलांच्या दप्तरात वही नव्हती. "मॅडम, वही कधी काढायची? पुढच्या वर्षी मोठ्या शाळेत घालायचंय, तिथं विचारतील." हा प्रश्न चुकीचा नाही. शाळा विचारतात हे खरंच आहे. मी उत्तर हातावरून सुरू केलं. मनगटात 8 छोटी हाडं असतात. जन्माच्या वेळी त्यातलं बहुतेक कूर्चाच असतं, एक्स-रेत दिसतही नाही. ती वर्षागणिक टणक होत जातात आणि चार वर्षांच्या मुलाच्या हातात ती सगळी तयार झालेली नसतात. म्हणून आधी माती, फाडणं, ओतणं, चिमट्यानं चिंचोके उचलणं, मग खडू, मग पेन्सिल. तोंडी सांगून भागणार नाही हे माहीत होतं, म्हणून आयांना आणि वडिलांना मुलांच्या ताटांपुढंच बसवलं. चिमट्यानं चिंचोके एका वाटीतून दुसरीत टाकायला दिले. डाव्या हातानं. थोड्याच वेळात बोटं दुखायला लागली आणि चर्चा आपोआप सुरू झाली. सगळ्यांना पटलं असं नाही. एका घरानं जानेवारीत मुलाला दुसरीकडं घातलं. त्यांचा निर्णय मी मानला, मुलाची वर्षाची नोंदवही त्यांना दिली. त्या जागी लगेच दुसरं मूल आलं.

नोंदवही जरूर ठेवा. प्रत्येक मुलाची रोज एकच ओळ, पण बघितलेली: "झाकण फिरवून उघडलं." "आज चावला नाही, हात झटकला." तिमाहीला पालकांना याच ओळी वाचून दाखवते. गुण, श्रेणी, चांदण्या नाहीत. कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी 1985 मध्ये सृजन आनंद विद्यालय सुरू केलं, त्यामुळं इथल्या अनेक घरांत असं शिक्षण पाहिलेली माणसं आहेत. माझ्या एका मुलाच्या आत्या त्या शाळेत शिकलेल्या. बैठकीत त्यांनी दोन वाक्यं बोलली आणि माझं काम सोपं झालं.

जानेवारीत राधानगरी रस्त्याकडच्या एका गावात गुऱ्हाळ बघायला गेलो. पालकांचं संमतीपत्र, टेम्पो ट्रॅव्हलरचे 2,200 रुपये, आणि मुलांच्या हाताला धरायला सहा आया. रस उकळतात त्या मोठ्या कढईपासून, म्हणजे काहिलीपासून, लांब दोरी बांधून घेतली होती आणि ती ओलांडायची नाही हे वर्गातच आठवडाभर दोरी आडवी बांधून खेळलो होतो. ऊस चरकात जातो, रस निघतो, भेंडीचं पाणी घालून मळी वर येते, गुळव्या ती काढून टाकतो, उकळता रस दाट होतो. कोमट काकवी बोटावर मिळाली. परतल्यावर पुढचे पंधरा दिवस अंगणात गुऱ्हाळ चाललं. घमेलं म्हणजे काहील, वाळू म्हणजे गूळ, आणि रव्यांचा, म्हणजे गुळाच्या ढेपांचा, भाव ठरवणारा एक व्यापारीसुद्धा. कोल्हापूरच्या मुलांना वेगळ्या 'थीम'ची पुस्तकं घ्यावी लागत नाहीत. बेंदूर, महापूर, किल्ला, गुऱ्हाळ, जोतिबाचा गुलाल, कपिलतीर्थ मार्केटातली भाजी, यात वर्ष भरतं.

पैशांचं स्पष्ट सांगते. पहिल्या वर्षी फी महिना 1,000 होती. पंधरा मुलं असताना 15,000 जमा. भाडं 6,500, मावशी 4,500, सामान-वीज-खळीचा मैदा वगैरे 1,500. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत मुलं कमी होती तेव्हा भाडं घरच्या बचतीतून गेलं. स्वतःचा पगार पहिल्या वर्षी धरू नका, आणि सहा महिन्यांचं भाडं बाजूला ठेवूनच सुरुवात करा. 2025-26 साठी फी 1,200 ठरवली, पालकांना मार्चमध्येच लेखी कळवलं.

वर्ग संपल्यावर एप्रिल 2025 च्या अखेरीस शालेय शिक्षण विभागाकडून सूचना आली की खासगी पूर्वप्राथमिक केंद्रांनी पोर्टलवर नोंदणी करायची. केंद्राची आणि व्यवस्थापनाची माहिती, पट, भौतिक सुविधा, शिक्षिका आणि कर्मचारी, असं सगळं भरायचं होतं. आमच्याकडं करार, दुकान नोंदीची पावती, पोलीस दाखले, पदविकेचं प्रमाणपत्र आणि हजेरी एकाच फायलीत होती, त्यामुळं माहिती भरायला एक दुपार पुरली. फोटो आधी लहान आकाराचे करून ठेवा आणि ज्या मोबाईलवर ओटीपी येतो तो चार्ज असू द्या.

शाळा 16 जून 2025 ला उघडायची ठरली. सहा नवे फॉर्म आलेत, त्यातली दोघं अडीच वर्षांची. त्यांच्या घरी पहिल्या आठवड्याचं वेळापत्रक पाठवलंय: सोमवारी एक तास, घरचं माणूस आत, गुरुवारपर्यंत माणूस दाराबाहेर, मूल तयार दिसलं तर पुढच्या सोमवारी पूर्ण वेळ, नाहीतर आणखी थोडे दिवस. सोबत कपड्यांचे दोन जोड, जुना टॉवेल, आणि घरातली मुलाच्या ओळखीची एक वस्तू, मग ती उशीची खोळ असली तरी चालेल.